बैलाच्या खांद्याला जपता, मग स्वतःच्या पायाला का नाही?

मृगाचा पाऊस झाला, पेरण्या उरकल्या, की गावोगावी दिंडीची तयारी सुरू होते. टाळ, पताका, घोंगडी, ताडपत्री, तांब्या, दोन-चार दिवसांची चटणी-भाकरी असे सगळे पिशवीत भरले जाते. यंदा तुम्ही निघणार असाल किंवा तुमच्या घरचे कोणी निघणार असेल, तर ती पिशवी एकदा उघडून बघा. ज्या पायांवर एवढी मजल मारायची, त्या पायांसाठी तिच्यात काय आहे? बहुतेक पिशव्यांत काहीच नसते.

आळंदी ते पंढरपूर हे अंतर अडीचशे किलोमीटरच्या घरात आहे. पुणे ते सासवड हा एकच टप्पा तीस किलोमीटरच्या आसपास भरतो आणि त्यातच दिवेघाटाची चढण. शेतकरी माणूस म्हणतो, आम्हाला चालायची सवय आहे. सवय आहे खरी, पण ती मऊ रानातली आणि थांबत-थांबत चालण्याची. डांबरी सडक, ओली चप्पल आणि दिवसभराची सलग चाल हे वेगळे गणित आहे. सासवड येईतो कित्येकांच्या टाचा आणि चवडे पाण्याच्या फोडांनी भरलेले असतात.

फोड येतो कशामुळे?

बैलाच्या खांद्याला जू घासले की खांदेसूज येते, हे तुम्हाला सांगायला नको. मग आपण जुवाला गुंडाळी करतो, बैलाला विश्रांती देतो. पायाचेही तसेच आहे. पावलागणिक आतले हाड मागेपुढे सरकते, पण वरची कातडी चपलेला किंवा मोज्याला धरून राहते. या ओढाताणीत कातडीचे थर एकमेकांपासून सुटतात आणि मधल्या पोकळीत पाणी भरते. कातडी घामाने किंवा पावसाने ओलसर असली, की घासणे वाढते. म्हणून आषाढातल्या चालीत फोड जास्त.

फोड एकदम येत नाही. आधी त्या जागी चुणचुण होते, चटका बसल्यासारखे वाटते, कातडी लाल दिसते. खरा उपाय करायची वेळ हीच. दिंडी पुढे जाईल म्हणून आपण तसेच रेटतो आणि मुक्कामावर पोचेपर्यंत लिंबाएवढा फोड होतो. पाच मिनिटे बाजूला बसा. पाय पुसून कोरडा करा आणि त्या जागी कागदी चिकटपट्टी लावा. दिंडी गाठता येते.

ही कागदी चिकटपट्टी औषधाच्या दुकानात सहज मिळते. दवाखान्यात जखमेवरचा कापूस धरून ठेवायला वापरतात, तीच. वाळवंटातल्या अडीचशे किलोमीटरच्या शर्यतींत धावणाऱ्या 128 जणांवर तिची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष 2016 साली प्रसिद्ध झाले. पट्टी लावलेल्या भागावर फोडांचे प्रमाण सुमारे 40 टक्क्यांनी कमी आढळले. अंतर आपल्या वारीएवढेच, हे ध्यानात घ्या. जिथे दरवर्षी फोड येतो, तिथे निघण्याआधीच पट्टी लावा. सुरकुती पडू देऊ नका, कारण सुरकुतीच पुढे घासते.

पिशवीत काय ठेवाल?

एक घट्ट झाकणाचा डबा घ्या, म्हणजे पावसात भिजणार नाही. त्यात ठेवा: कागदी चिकटपट्टीची दोन रिळे, निर्जंतुक गॉजची दहा-बारा पाकिटे, जखमेला न चिकटणारी मलमाची जाळी, पोविडोन आयोडीन मलमाची एक ट्यूब, लहान कात्री, साबणाची वडी आणि इंजेक्शनच्या बंद पाकिटातल्या चार-पाच सुया. वापरलेली सुई रस्त्याकडेला टाकू नका, जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत जमा करा. मोज्यांच्या दोन जोड्या घ्या. निव्वळ सुती मोजा एकदा भिजला की लवकर वाळत नाही, म्हणून नायलॉनमिश्रित पातळ मोजा बरा. नवी कोरी चप्पल घालून निघू नका. ती चावते. महिनाभर आधी शेतात वापरून मऊ करून घ्या.

फोड आलाच तर?

लहान असेल आणि दुखत नसेल, तर फोडू नका. वरची कातडी हे शरीराने आपणहून घातलेले झाकण आहे. डोक्यावर घागर घेताना बायका चुंबळ करतात ना, तशी गॉजची किंवा मऊ कापडाची जाड चकती करा. मधे फोडाएवढे भोक ठेवा आणि चकती फोडाभोवती बसवून वरून पट्टी लावा. भार कडेवर जातो, फोड मोकळा राहतो.

फोड मोठा असेल, पाऊल टेकवत नसेल, तर पाणी काढावे लागते. हात आणि फोड साबणाने धुवा. बंद पाकिटातली नवी सुई घेऊन फोडाच्या कडेला, खालच्या बाजूने दोन-तीन ठिकाणी टोचा. गॉजने हलके दाबून पाणी काढा. कातडी मात्र सोलू नका, तशीच बसू द्या. वर मलम, मग न चिकटणारी जाळी, गॉज आणि पट्टी. रोज बदला. पाणी पुन्हा भरले तर पुन्हा असेच काढा. फोडात रक्त असेल तर तो टोचू नका.

आपल्याकडे सुईत दोरा ओवून तो फोडातच ठेवायची जुनी रीत आहे. कोणी राख लावतो, कोणी चुना, कोणी रॉकेल. या सगळ्याला आता फाटा द्या. दोरा म्हणजे जंतूंना आत जायला वाटच. चुन्याने आणि रॉकेलने कातडी आणखी भाजते.

मधुमेह असेल तर

हा भाग नीट वाचा, कारण दिंडीत पन्नाशी-साठी ओलांडलेली माणसे पुष्कळ असतात. मधुमेहात पायाची संवेदना कमी होते. फोड आलेला कळतच नाही आणि जखम भरूनही लवकर येत नाही. चिघळली तर बोट, वेळप्रसंगी पाऊल काढायची पाळी येते. मधुमेह असणाऱ्याने फोड स्वतः टोचू नये, अनवाणी चालू नये आणि रोज मुक्कामावर दुसऱ्याकडून तळवे तपासून घ्यावेत. औषधाची गोळी चुकवू नये.

फोडाभोवतीची लाली पसरत चालली, पू धरला, पायावर लाल रेघ वर चढली, जांघेत अवधाण आले किंवा ताप भरला, तर पुढच्या मुक्कामाची वाट बघू नका. पालखी मार्गावर शासनाची आरोग्य पथके असतात, तिथे लगेच दाखवा. 1924 साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कूलिज यांचा 16 वर्षांचा मुलगा मोज्याविना बूट घालून टेनिस खेळला. बोटाला फोड आला, रक्तात जंतू शिरले आणि आठवडाभरात तो दगावला. राष्ट्राध्यक्षाच्या घरी डॉक्टरांना तोटा नव्हता, पण तेव्हा प्रतिजैविके नव्हती. आज आहेत. वेळेत पोचायचे तेवढे तुमच्या हाती आहे.

गावकारभाऱ्यांसाठी

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी दिंडी निघण्याच्या आठवडाभर आधी एक संध्याकाळ राखून ठेवावी. आशाताईंना आणि उपकेंद्रातल्या परिचारिकेला बोलवावे. पट्टी कशी लावायची ते दोन-तीन तरुणांना शिकवून ठेवावे आणि दिंडीच्या गाडीत असा एक मोठा डबा द्यावा. कोणाला मधुमेह आहे, कोणाची धनुर्वाताची लस राहिली आहे, याची यादी त्याच वेळी होते. पालखी मार्गावरच्या गावांनी चहा-फराळाच्या शेजारी पाय धुवायला स्वच्छ पाणी, साबण आणि बसायला एक बाकडे ठेवले, तरी मोठी सेवा घडेल.

आणि परत आल्यावर एक करा. फोडाची जखम उघडी असेल तर ती भरेपर्यंत भातखाचरात किंवा साचलेल्या पाण्यात उतरू नका. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू अशाच जखमेतून शिरतात. उतरावेच लागले तर गमबूट घाला. घरी खांदेसूज आलेल्या बैलाला आपण औताला जुंपत नाही. दुखऱ्या पायालाही तेवढी सुट्टी द्या.