वॉशिंग्टन : एका वाडीचे आडनाव

घर सुटते, गाव सुटते, प्रसंगी देशही सुटतो. आडनाव मात्र मागे राहायला तयार होत नाही. ‘वॉशिंग्टन’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अमेरिकेची राजधानी आणि तिथले पहिले अध्यक्ष उभे राहतात. पण मुळात हे इंग्लंडच्या ईशान्येकडील एका खेड्याचे नाव, ही गोष्ट पुष्कळांच्या गावीही नसते.

न्यूकॅसल आणि संडरलंड या शहरांच्या शेजारी ते गाव आजही नांदते आहे. त्याचे जुने रूप वेसिंग्टन. जुन्या इंग्रजीत ‘टून’ म्हणजे कुंपण घातलेली शेतवाडी आणि ‘इंग’ म्हणजे अमक्याची माणसे. लंडनमधली पॅडिंग्टन, केन्सिंग्टन ही नावे याच घडणीची. तेव्हा ह्वासा नावाच्या कोणा सॅक्सन गृहस्थाच्या गोतावळ्याची वाडी ती वेसिंग्टन, असा अर्थ अभ्यासक लावतात.

बाराव्या शतकात हर्टबर्नच्या विल्यम नावाच्या सरदाराने डरहॅमच्या बिशपशी जमिनीची अदलाबदल केली. हर्टबर्न दिले आणि वेसिंग्टन घेतले. ११८३ साली बिशपने आपल्या मुलखाची मोजदाद करविली, तीत हा व्यवहार नोंदलेला आहे. जमीन बदलली तसे नावही बदलले! विल्यम ‘द हर्टबर्न’ होता, तो विल्यम ‘द वेसिंग्टन’ झाला. हा फ्रेंच वळणाचा ‘द’ म्हणजे आपल्या ‘कर’ प्रत्ययाचा भाऊच. तो गावाच्या आधी बसतो, आपला ‘कर’ नंतर, एवढेच. थोडक्यात, आडनाव त्या काळी रक्ताचे नव्हते, सातबाऱ्याचे होते.

पुढे ‘द’ गळाला, उच्चार बदलला, आणि गाव सोडून दूर गेलेल्या वंशजांनाही नाव चिकटून राहिले. त्यांच्यापैकी लॉरेन्स वॉशिंग्टन हा लोकरीचा व्यापारी. आठव्या हेन्रीने मठांच्या जमिनी खालसा करून विकायला काढल्या, तेव्हा १५३९ साली त्याने सल्ग्रेव्हची जहागीर विकत घेतली. याच घराण्यातला दुसरा एक लॉरेन्स पाद्री झाला. परंतु यादवी युद्धाच्या धामधुमीत, १६४३ साली, पार्लमेंटच्या पक्षाने ‘हा गुत्त्यात बसतो’ असा आरोप ठेवून त्याला चर्चमधून हाकलून दिले. घराला उतरती कळा लागली. त्याचा मुलगा जॉन जहाजावर नोकरीला लागला आणि व्हर्जिनियास पोचला. १६५७ साली तंबाखूने भरलेले त्याचे जहाज पोटोमॅक नदीत रुतले. जॉन तिथेच राहिला. त्याचा पणतू तो जॉर्ज वॉशिंग्टन.

इथे कथा संपली असती तर ती एका भाग्यवान घराण्याची बखर ठरली असती. पण १७९९ साली जॉर्ज वॉशिंग्टन वारले तेव्हा त्यांच्या माउंट व्हर्नन या मळ्यावर तीनशेहून अधिक गुलाम होते. त्यांतले १२३ त्यांचे स्वतःचे. त्यांची मुक्तता त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवली होती. देशभरातल्या गुलामगिरीला मात्र १८६५ पर्यंत अंत नव्हता. त्यानंतर लक्षावधी माणसे मोकळी झाली, आणि त्यांतल्या अनेकांपुढे एक साधा पण अवघड प्रश्न आला : कागदावर आडनाव कोणते लावायचे?

बुकर नावाचा एक मुलगा शाळेत गेला. हजेरीच्या वेळी इतर मुलांना दोन-दोन नावे असल्याचे त्याच्या ध्यानात आले. त्याच्यापाशी एकच होते. पाळी येताच त्याने शांतपणे सांगितले, बुकर वॉशिंग्टन. त्याच्या सावत्र वडिलांचे पहिले नाव वॉशिंग्टन होते. हाच मुलगा १८८१ साली टस्कीगीच्या सुप्रसिद्ध शिक्षणसंस्थेचा प्रमुख झाला.

अमेरिकेच्या २००० सालच्या जनगणनेत हे आडनाव लावणारे सुमारे १ लाख ६३ हजार लोक होते. त्यांतले जवळजवळ ९० टक्के कृष्णवर्णीय! जमिनीच्या मालकीतून जन्मलेले हे नाव अखेर त्यांच्या वंशजांनी टिकवले, ज्यांना एके काळी स्वतःच्या देहाचीही मालकी नव्हती.