एका गुरूची रेघ

तीर्थरूप अण्णांच्या पेटीत, तंबोऱ्याच्या जुन्या तारांखाली, कापडी बांधणीची एक वही निघाली. अण्णा वयाच्या अठराव्या वर्षी होळकर दरबारच्या चाकरीत शिरले आणि १९४८ साली संस्थानच मध्यभारतात विलीन झाले. 'दरबारी गवई' हे बिरूद त्यांना जेमतेम दोन वर्षे लाभले. मी त्यांची पन्नाशी उलटल्यावरचे शेंडेफळ. वहीत त्यांनी आपली गुरुपरंपरा लिहिली होती: गुरू, गुरूंचे गुरू, त्यांचे शागिर्द आणि शागिर्दांचे शागिर्द. रकाने भरले, तशी नावे समासात चढली होती.

दिवाळीत पुण्याहून भाचा आला. संगणकाच्या पडद्यावर आकृत्या उमटविणे हा त्याचा व्यवसाय. म्हणाला, "मामा, वाळवी लागण्याआधी ही वही मला द्या. कुळवृत्तान्तात वंशवृक्ष असतो ना, तसा काढू. पण हा हलता-बोलता."

हा वृक्ष उगवतो कसा, ते मला समजले तितके सांगतो. वहीतले प्रत्येक नाव म्हणजे तक्त्यातली एक ओळ. तीत तीनच रकाने: माणसाचा क्रमांक, त्याचे नाव आणि त्याच्या गुरूचा क्रमांक. मूळपुरुषाचा तिसरा रकाना कोरा. हा तक्ता कोठेतरी दूर सर्व्हरवर राहतो. आपल्या ब्राउझरने मागणी केली की सर्व्हर चित्र धाडीत नाही. 'जेसन' नावाच्या साध्या मजकुरी बांधणीत त्या ओळी तेवढ्या धाडतो. चित्र इथे, आपल्यासमोर, ब्राउझर काढतो. स्वरलिपी टपालाने यावी आणि गाणे मात्र आपल्या दिवाणखान्यात व्हावे, तसेच हे.

चित्र काढण्यासाठी भाच्याने 'डी-थ्री' नावाचे साधन घेतले. स्टॅनफर्ड विद्यापीठात मायकेल बोस्टॉक व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते सिद्ध केले आणि २०११ मध्ये सर्वांना खुले केले. कोणते नाव कोठे बसवावे याची रीत मात्र त्याहून जुनी. १९८१ साली एडवर्ड रीनगोल्ड व जॉन टिलफर्ड यांनी ती मांडली: एका पिढीची माणसे एका ओळीत यावीत, गुरू आपल्या शिष्यांच्या मधोमध बसावा, फांद्या एकमेकींत गुंतू नयेत, आणि तरीही जागा वाया जाऊ नये. बैठकीत माणसे बसविणाऱ्या यजमानाला याहून निराळे काय करावे लागते? नावावर टिचकी मारली की त्याखालची फांदी मिटते, पुन्हा मारली की उलगडते. वृक्ष फार मोठा असेल तर त्या फांदीच्या ओळी सर्व्हरकडून तेव्हाच मागवितात.

हे यंत्र शिस्तीचे मोठे कडक. एका शिष्यापुढे मी यादीत नसलेल्या गुरूचा क्रमांक लिहिला, तर सारा वृक्षच उमटेना! दोन गुरुबंधूंनी एकमेकांना बंदिशी दिल्या होत्या. मी दोघांनाही एकमेकांचे गुरू केले. तेही त्याला खपेना. आपणच आपल्या शिष्याचे शिष्य कसे व्हाल, असा त्याचा रोकडा सवाल.

पण खरी अडचण पुढेच होती. या वृक्षात एकाला गुरू एकच. आता आपल्या इंदूरचेच उदाहरण घ्या. उस्ताद अमीर खाँ (१९१२–१९७४) यांची पहिली तालीम वडिलांकडची, सारंगिये शाहमीर खाँ यांच्याकडची. पण त्यांच्या विलंबितावर अब्दुल वहीद खाँ यांची छाया, तानेत देवासच्या रजब अली खाँ यांचा वारा आणि सरगमेत भेंडीबाजारच्या अमान अली खाँ यांची आठवण. यांतली एकच रेघ ठेवायची तर कोणती पुसावी? तीन पुसल्यावर उरेल त्याला इंदूर घराणे म्हणता येईल काय?

हा प्रश्न माझ्याच घरात आला. वहीत अण्णांच्या नावावर रेघ एकच, ज्यांचा गंडा बांधला त्या बुवांची. समासात मात्र बारीक अक्षरात लिहिले होते, "मारवा. रात्रीचा. जुन्या इंदुरात." आई सांगत असे, की एका वृद्ध सारंगियांच्या ओट्यावर अण्णा रात्री-रात्री बसून ऐकत. गंडा एकाचा बांधून दुसऱ्याकडे शिकणे त्या काळी उघड बोलायची गोष्ट नव्हती. त्यांनी ते जन्मभर बोलून दाखविले नाही. आणि मी वीस वर्षे विद्यार्थ्यांना तोच मारवा 'आमच्या बुवांचा' म्हणून शिकवीत आलो!

भाच्याला हे सांगितले. तो म्हणाला, "अनेक गुरू धरायचे तर तो वृक्ष राहत नाही मामा, ते जाळे होते. पण वृक्ष तसाच राहू द्या. जास्तीच्या नात्यांचा वेगळा तक्ता करा, दोनच रकान्यांचा. नावांच्या जागा ठरल्या, की त्यावरून तुटक रेघा ओढू."

ती रेघ ओढण्याआधी विचारावे, म्हणून मी त्या सारंगियांच्या नातवाकडे गेलो. त्याने चहा पाजला, सारे शांतपणे ऐकून घेतले आणि बोटांवर मोजीत आजोबांकडे ऐकायला येणाऱ्या सात जणांची नावे सांगितली. घरी येऊन वही उघडली. सातांपैकी एक अण्णा. आणखी तिघे वहीत आधीपासूनच होते, तीन निराळ्या बुवांच्या खाली, सरळ अखंड रेघांनी जोडलेले.

आता पडद्यावर त्या वृद्ध सारंगियांचे नाव एका कडेला आहे. त्यांना वरून कोणतीच रेघ येत नाही. त्यांच्यापासून सात तुटक रेघा निघतात. गेल्या गुरुवारी वर्गात मारवा काढला. तंबोरे लावून झाल्यावर प्रथम त्यांचे नाव घेतले, मग बुवांचे, मग अण्णांचे.