बेगमीचे धान्य आणि घरचे आरोग्य

आरोग्य हा शब्द उच्चारला की डॉक्टर, औषधांच्या बाटल्या आणि रुग्णालये आपल्या दृष्टीसमोर उभी राहतात. वास्तविक माणसाचे आरोग्य या सर्वांच्या कितीतरी आधी, त्याच्या घरातील लहानसहान सवयींत घडत अथवा बिघडत असते. पाणी गाळून पिणे, दिवस मावळण्यापूर्वी जेवणे, धान्य निवडल्याखेरीज दळणास न देणे या आपल्या समाजाच्या जुन्या सवयी होत. पहिल्या दोहोंविषयी अधिकारी व्यक्तींनी पुष्कळ लिहिले आहे. मी धान्याचा व्यापारी. माझे शिक्षण मॅट्रिकपुढे गेले नाही आणि वैद्यकावर बोलण्याचा अधिकार मजपाशी नाही. तथापि चार दशकांहून अधिक काळ बेळगावच्या रविवार पेठेत धान्याच्या थप्प्यांशेजारी बसत आल्यामुळे एका सवयीविषयी लिहिणे मला कर्तव्य वाटते. ती सवय म्हणजे, वर्षाचे धान्य भरताना त्यात विषारी गोळी टाकण्याची.

फाल्गुन-चैत्रात शाळू व गहू बाजारात उतरले की आपल्याकडील गृहिणींची वर्षाच्या बेगमीची धांदल सुरू होते. मृग लागण्यापूर्वी धान्य वाळवून, निवडून, भरून ठेवावयाचे हा पूर्वापार नेम. या नेमामागे केवळ रूढी नव्हती, चांगले शास्त्र होते. धान्यास कीड लागते ती मुख्यतः त्यातील ओलीमुळे. दाण्यात शेकडा बारापेक्षा कमी ओल असेल तर सोंड्यांची व इतर किडींची वाढ मंदावते. ओल शेकडा नऊच्या आसपास आली की बहुतेक किडींची पैदास थांबते. उन्हाळ्यातील कडक ऊन दाण्यातील पाणी ओढून घेते, हेच त्या वाळवणाचे मर्म होय.

इतर उपायांतही असाच अर्थ होता. कडधान्यावरील भुंगेरा बहुधा शेतातूनच शेंगेबरोबर घरी येतो आणि दाण्याच्या पाठीवर अंडी चिकटवतो. दाण्यांस एरंडेल चोळले म्हणजे त्या अंड्यांस हवा मिळेनाशी होते व ती उबत नाहीत. चाळलेली कोरडी राख किड्याच्या अंगावरील मेणासारखे आवरण खरवडते, त्यामुळे तो शुष्क होतो. कडुनिंबाचा पाला किडीस दूर ठेवतो. मात्र तो सावलीत पूर्ण वाळलेला हवा, नाहीतर ओला पाला धान्यास उलट ओलच देतो. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे प्रसिद्धच आहेत. आपल्या भागात ज्वारीही पेवात ठेवीत असत. धान्य व त्यातील जीव श्वास घेतात. बंद पेवातील प्राणवायू हळूहळू संपतो, कर्बवायू वाढतो आणि किडीची वाढ खुंटते. म्हणूनच पेवाचे तोंड उघडल्यावर माणूस लगेच आत उतरत नसे. पेव मोकळे राहू देत आणि दिवा आत सोडून पाहत. हवाबंद कोठाराचा लाभ आणि त्याचा धोका, दोन्ही आपल्या पूर्वजांना ठाऊक होते.

पुढे घरे लहान झाली, गच्च्या सामाईक झाल्या, अंगण गेले. वाळवणास जागा नाही व वेळही नाही, अशा स्थितीत गोळी ही फार सोयीची वस्तू ठरली. दुकानदाराने धान्याबरोबर कागदाच्या पुडीत चार गोळ्या बांधून द्याव्यात, गृहिणीने त्या फडक्यात गुंडाळून पिंपात टाकाव्यात आणि झाकण लावून निश्चिंत व्हावे, असा प्रघात पडला. ही गोळी काय आहे याची चौकशी मात्र घेणाऱ्याने केली नाही आणि देणाऱ्यानेही सांगितले नाही.

ही गोळी म्हणजे अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइड होय. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून, हवेतील व धान्यातील ओलीचा स्पर्श होताच, सुमारे एक ग्रॅम फॉस्फिन नावाचा वायू सुटतो. तो किड्याच्या पेशींचा श्वसनव्यापार बंद पाडतो. माणसाच्या पेशींचेही तो तेच करतो, कारण वायूस किडा व मूल यांतील भेद समजत नाही. त्यावर निश्चित उतारा असे औषध आजही नाही. डॉक्टर शरीरास आधार देऊ शकतात, विष उतरवू शकत नाहीत. कित्येकदा त्यास लसणासारखा वास येतो, परंतु वास आला नाही म्हणजे वायू नाही असे समजणे घातक आहे. तो दाराच्या फटीतून, भिंतीच्या भेगेतून शेजारच्या खोलीत सहज शिरतो. मळमळ, उलटी, छातीत दडपण, चक्कर, धाप ही लक्षणे पाहून घरची माणसे अपचन झाले असे मानतात आणि मोलाचा वेळ जातो. धान्याच्या खोलीत अथवा तिच्या शेजारी झोपलेल्या कुटुंबातील मुले यामुळे दगावल्याच्या बातम्या देशाच्या निरनिराळ्या भागांतून वेळोवेळी येत असतात. अशी शंका येताच सर्वांनी प्रथम मोकळ्या हवेत यावे, दारेखिडक्या उघड्या टाकाव्यात आणि विलंब न लावता रुग्णालय गाठावे. गोळीवर पाणी ओतू नये. त्याने वायू अधिक वेगाने सुटतो.

सरकारने याबाबत नियम केले नाहीत असे नाही. कीटकनाशकांचा कायदा १९६८ सालचा आहे. त्याखालील निर्बंधांनुसार या गोळ्या सरकारी संस्थांना व परवानाधारक कीडनियंत्रकांनाच, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली वापरण्यासाठी विकावयाच्या असतात. दहा व वीस गोळ्यांच्या लहान नळ्यांवर तर पूर्ण बंदी आहे, कारण त्याच घरोघर पोहोचत होत्या. गोदामातील धुरीची रीतच निराळी असते. थप्पीवर वायू न जाऊ देणारी ताडपत्री, कडा वाळूच्या पिशव्यांनी दाबलेल्या, कित्येक दिवस थप्पी बंद, नंतर पुरेसा वारा, आणि तोवर तेथे कोणी फिरकावयाचे नाही. ही शिस्त स्वयंपाकघरातील पिंपाभोवती कशी पाळली जाणार? शिवाय अर्धवट धुरीत जे किडे वाचतात त्यांची पुढील पिढी अधिक चिवट निपजते. फॉस्फिनला न जुमानणाऱ्या किडी आपल्या देशातही आढळल्या आहेत. म्हणजे घरोघर चाललेला हा बेशिस्त वापर माणसास धोक्यात टाकतोच, आणि जेथे या औषधाची खरी गरज आहे त्या मोठ्या कोठारांतील त्याचा गुणही घालवतो.

गोळीची आणखी दोन भावंडे आपल्या घरांत आहेत. एक पाऱ्याची गोळी. पारा उघड्यावर हळूहळू वाफ होऊन हवेत मिसळतो व ती वाफ मज्जासंस्थेस आणि मूत्रपिंडास अपाय करते. टाकून दिलेला पारा माती-पाण्यात नष्ट होत नाही. त्याचा वापर घटवण्यासाठी २०१३ साली मिनामाता करार झाला, त्यास आपल्या देशानेही मान्यता दिली आहे. दुसरे भावंड बोरिक पावडर. तांदळास ती चोळून ठेवण्याची चाल सर्वत्र आहे. परंतु अन्न टिकवण्यासाठी तिला आपल्या देशात परवानगी नाही, आणि धुतल्याने ती सर्व निघून जाते असे मानण्यास आधार नाही.

येथे कोणी विचारील, मग किडके धान्य खावे काय? मुळीच नव्हे. साठवणीतील हयगय हीदेखील विषाइतकीच घातक ठरू शकते. १९७४ साली गुजरातेतील पंचमहाल व राजस्थानातील बांसवाडा या भागांत अवकाळी पावसाने भिजलेला मका तसाच साठवला गेला. त्यावर बुरशी चढली आणि तिच्यातील अफ्लाटॉक्सिन नावाच्या विषाने यकृत बिघडून शंभराहून अधिक माणसे मृत्यू पावली. हे विष शिजवल्याने नाहीसे होत नाही. मथितार्थ इतकाच की ओल हा मूळ शत्रू आहे. ओल काढली तर कीडही आवरते आणि बुरशीही. गोळी किडीस मारते, ओल काढीत नाही.

यास्तव गृहिणींनी पुढील गोष्टी ध्यानी घ्याव्यात. धान्य पातळ पसरून कडक ऊन द्यावे आणि पूर्ण निवल्यावर भरावे. तापलेले धान्य तसेच डब्यात भरले तर आत घाम सुटतो. ओल पाहण्याची सोपी युक्ती अशी: कोरड्या काचेच्या बाटलीत तिसऱ्या हिश्शापर्यंत धान्य व चमचाभर कोरडे मीठ घालून, बूच लावून दोन-तीन मिनिटे हलवावे. मीठ काचेस चिकटले तर ओल शेकडा पंधराच्या वर आहे असे समजावे. न चिकटले तरी आणखी एक ऊन दिल्याने नुकसान नाही. जुने धान्य नव्यात मिसळू नये, कारण जुन्यातील एक सोंडाही नव्यास पुरे होतो. कडधान्य अखंड ठेवण्यापेक्षा डाळ करून ठेवल्यास भुंगेऱ्याचा जोर कमी चालतो. आत प्लास्टिकचे जाड अस्तर असलेल्या हवाबंद पिशव्या आता मिळतात, त्या पेवाचेच तत्त्व वापरतात. त्यांतही धान्य कोरडेच हवे. आणि ज्यांच्या घरी ऊन येत नाही त्यांनी वर्षाचा हट्ट सोडून दोन महिन्यांचेच धान्य न्यावे. व्यापाऱ्याने ग्राहकास थोडे घ्या म्हणावे हे विचित्र दिसेल, परंतु पेठ वर्षभर उघडीच असते.

आता आपल्या व्यापारी बंधूंशी दोन शब्द. आमच्या दुकानी गोळी दिली जात नाही. गेल्या हंगामात एका जुन्या ग्राहक बाईंनी गहू मोजून झाल्यावर गोळ्या मागितल्या. मी म्हटले, "ताई, गोळी मिळणार नाही. हवे तर दोन दिवसांनी न्या, वाळवून देतो." त्या म्हणाल्या, "शेठजी, पलीकडच्या गाळ्यात मिळते की!" आणि गहू तेथेच ठेवून त्या निघून गेल्या. ग्राहक गेल्याचे दुःख व्यापाऱ्यास होतेच. मला अधिक लागले ते हे, की त्या गोळ्या त्यांच्या घरी गेल्याच असतील, आणि त्या घरात दोन लहान नातवंडे आहेत. एका दुकानदाराने नकार देऊन भागत नाही. पेठेचा नकार पाहिजे.

आपल्या आचारात हिंसेचे मूळ प्रमादात, म्हणजे बेसावधपणात सांगितले आहे, आणि त्यावरचा उपाय यत्नाचार हा आहे. आपल्या आजी-आया सुपात दाणे निवडताना सापडलेला किडा अलगद आडोशाला नेऊन सोडीत. तो जीव उत्पन्नच होऊ नये म्हणून धान्य कोरडे ठेवीत, हा त्यांचा यत्नाचार. आपण किडा हाताने मारीत नाही, पण विष पुडीत बांधून दुसऱ्याच्या हाती देतो, आणि त्यास सेवा म्हणतो. याचा प्रत्येकाने आपल्या मनाशी विचार करावा.

वार्षिक सभेपुढे माझ्या चार नम्र सूचना आहेत. कोणत्याही सभासदाने सुटी गोळी विकू अथवा फुकट देऊ नये. गोदामात धुरी द्यावयाची ती परवानाधारक माणसाकडूनच द्यावी, व थप्पीवर तिची तारीख आणि वारा दिल्याची तारीख ठळक लिहावी. धुरीच्या काळात हमाल व राखणदार यांस गोदामात अथवा लगतच्या खोलीत झोपू देऊ नये. आपल्या कुटुंबाच्या जिवाइतकाच त्यांचा जीव मोलाचा आहे. आणि संघाने पेठेजवळ एखादी मोकळी गच्ची भाड्याने घेऊन फाल्गुन ते वैशाख या काळात ग्राहकांचे धान्य वाळवून देण्याची सोय करावी. यास येणारा खर्च सर्व सभासदांत वाटला तर फार होणार नाही.

ग्राहक आपल्या शब्दावर विश्वास ठेवून डोळे मिटून पोते घरी नेतो. त्या पोत्यातून त्याच्या घरी धान्यच जावे, दुसरे काही जाऊ नये, एवढी हमी व्यापाऱ्याने द्यावयास नको काय?