पॉकेट स्प्रिंगची गादी कोणाला मानवेल?

ऊसबिल जमा झाले की गादीची चौकशीही आमच्याकडेच येते. पॉकेट स्प्रिंगच्या गादीत प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या कापडी पिशवीत असते. त्यामुळे रात्री पाणी धरायला एक जण उठला तरी दुसऱ्याला फारसा हादरा बसत नाही. कुशीवर झोपणाऱ्याचा खांदा थोडा रुतला पाहिजे; पालथे झोपणाऱ्याला कडकच बरी. अंगाने भारी माणसाने मऊ गादी घेऊ नये, मधे झोळी होते.

कंबरदुखीला फळीच हवी, असे आम्हीही सांगत होतो. पण जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांवरील स्पेनमधल्या अभ्यासात (२००३) कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीने जास्त आराम पडला. दुकानात नुसती हाताने दाबू नका. चपला काढून दहा मिनिटे सवयीच्या कुशीवर पडा. दुकानदार हसला तर हसू दे.