कोळशातला काळ
शनिवार पेठेतील शनिवारवाड्यासाठी तोडलेला साग जिवंतपणी हवेतून जो कार्बन घेत होता, त्यातील बहुतेक अणूंच्या केंद्रकात ६ प्रोटॉन व ६ न्यूट्रॉन असले, तरी अत्यल्प अणूंत न्यूट्रॉन ८ होते. एकाच मूलद्रव्याच्या अशा भिन्न अणूंना समस्थानिके म्हणतात. सजीव मरताच कार्बनचे ग्रहण थांबते आणि त्यातील ८ न्यूट्रॉनांचा किरणोत्सारी कार्बन-१४ सुमारे ५,७३० वर्षांत निम्मा उरतो. म्हणून उरलेला कार्बन-१४ मोजून मृत्यूला किती काळ लोटला हे काढता येते. वाड्याचे १७३२ हे साल मात्र ठाऊकच आहे. या मोजणीचे खरे मोल शिरूर तालुक्यातील इनामगावी कळते, कारण डेक्कन कॉलेजने उत्खनन केलेल्या, एकही लेख मागे न ठेवणाऱ्या त्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांच्या वस्तीचा काळ कोळशातील कार्बन-१४ मुळेच इ.स.पू. सुमारे १६०० ते ७०० असा ठरवता आला.