फुकट नव्हे, मोफत!

पाव किलो वांगी घेऊन झाली तरी माझी आत्या पिशवीचे तोंड मिटत नसे. "चार काड्या कोथिंबीर टाक की वर!" असे म्हणून ती पिशवी तशीच उघडी धरी आणि भाजीवालाही कुरकुरत का होईना, चिमूटभर कोथिंबीर टाकी. त्या 'वर' टाकण्यात दोघांचाही हिशेब चोख असे. चार पैसे वांग्यांत निघाले आहेत हे तिला ठाऊक, आणि तिला ते ठाऊक आहे हे त्याला ठाऊक!

अशी ही हिशेबी आत्या एकदा शब्दांना भुलली. सांगायला लाज वाटते, पण ते शब्द माझे होते.

वाचकहो, मी वीस-बावीस वर्षे मुंबईतल्या एका जाहिरात कचेरीत मजकूर लिहिण्याचे काम केले. लोकांना वाटते, जाहिरात लिहिणारा खोटे बोलतो. छे! खोटे बोलणे हे आमच्या धंद्यात कच्चेपणाचे लक्षण. खरे तेच सांगायचे. फक्त ते अशा बेताने मांडायचे, की वाचणाऱ्याने त्यातून स्वतःला हवे तेवढेच ऐकावे.

पहिला धडा मला मिळाला तो असा: 'फुकट' हा शब्द कधीही लिहायचा नाही. फुकट म्हटले की फुकट्या आठवतो, फुकट गेलेले पैसे आठवतात. मराठी माणसाला फुकटाचे आकर्षण असते, पण फुकटे म्हणवून घेणे आवडत नाही. म्हणून लिहायचे 'मोफत'. त्याहून वरची पायरी 'सप्रेम भेट'. भेट कशी नाकारणार? ती नाकारणे म्हणजे देणाऱ्याचा अपमान!

दुसरा धडा आकड्यांचा. चारशे ग्रॅमचा पुडा त्याच किमतीत पाचशेचा केला, तर सूट किती झाली? हिशेबाने वीस टक्के. पण पुड्यावर छापायचे '२५ टक्के जादा, मोफत'. दोन्ही खरेच, पंचवीस मात्र मोठे दिसतात. 'दोनांवर एक मोफत' म्हणजे तिसरा हिस्सा सूट, पण ती मिळण्यासाठी घरात एकाच्या जागी तीन आणावे लागतात. '५० टक्के आणि वर २० टक्के सूट' वाचून गिऱ्हाईक मनात सत्तर म्हणते. शंभराचे आधी पन्नास होतात, मग त्या पन्नासांतले दहा जातात. म्हणजे सूट साठच. आणि '७० टक्क्यांपर्यंत' यातला 'पर्यंत' तर आमचा लाडका. सगळा भार तो बिचारा एकटा वाहतो.

यात बुद्धी कमी पडते असे नाही. शून्य या किमतीचीच मोहिनी तशी आहे. क्रिस्टिना शाम्पानिए, नीना मझार आणि डॅन अरिएली या संशोधकांनी अमेरिकेत केलेला एक प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाला. एक उंची चॉकलेट पंधरा सेंटांना आणि एक साधे एका सेंटाला ठेवले, तेव्हा बहुतेकांनी उंची घेतले. मग दोन्हींची किंमत एकेका सेंटाने उतरवली. अंतर तेच, चौदा सेंटांचे. पण साधे चॉकलेट आता मोफत झाले होते, आणि बहुतेक हात तिकडे वळले.

आता आत्याची गोष्ट. २०१६ च्या दिवाळीच्या आधी पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राचे एक पत्रक माझ्याकडे लिहायला आले. मालकांचा मूळ मजकूर सरळ होता: पाच वर्षे दुरुस्तीची मजुरी घेणार नाही, सुट्या भागांचे पैसे पडतील. मी तो सजवला. 'पाच वर्षे काळजी आमची! सेवा मोफत!' सुट्या भागांची ओळ तारांकनाखाली, अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत गेली. पत्रकात एक अक्षर खोटे नव्हते. साहेबांनी माझी पाठ थोपटली.

चार वर्षांनी पुण्याला आत्याकडे गेलो, तर स्वयंपाकघरात तेच यंत्र! कुटुंबनिवृत्तिवेतनावर एकटी राहणारी बाई. डब्यातून तिने बिलांची गड्डी काढली. गाळणी, पडदा, पुन्हा गाळणी. मजुरीच्या रकान्यात प्रत्येक बिलावर शून्य. बेरीज केली, तर यंत्राच्या किमतीपेक्षा दीड हजार जास्त! चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला. गड्डीच्या तळाशी घडी घातलेले माझे पत्रक होते.

मी सगळे सांगितले. ती रागावली असती तर बरे झाले असते. म्हणाली, "अरे, मोफतला मी नाही भुलले. 'काळजी आमची' हे वाचले आणि बरे वाटले. तुझे काका गेल्यापासून तसे कोणी म्हटले नव्हते."

त्या वाक्यावर मला उत्तर सुचले नाही. अजून सुचलेले नाही.

आता कायदाही जागा झाला आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली केंद्राने ९ जून २०२२ रोजी दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. एखादी वस्तू मोफत म्हणायची आणि बांधणीचे वा हाताळणीचे पैसे घ्यायचे, हे त्यांना मान्य नाही. मोफतची भरपाई किंमत वाढवून किंवा माल घटवून करणेही नाही. खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि त्याच वळणाच्या अक्षरांत हवा. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक आहे.

तरीही घरचा उपाय सांगतो. जाहिरात खालून वर वाचावी. आधी तारांकन, मग मथळा. आणि दुकानदाराला एकच विचारावे: "भेट नको, तर किंमत किती?"

त्या दिवशी निघताना मी आत्याला म्हणालो, "पुढची बिले मी भरीन." तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "तळाशी बारीक अक्षरांत काय लिहिलेय, ते आधी सांग!"