एसीचा बाहेरचा पंखा थांबला तर

मे महिना लागला की बडोदा असो, इंदूर असो की हैदराबाद, एकच तक्रार ऐकू येते: एसी चालतोय, हवा येतेय, पण गार काही होत नाही. गॅस संपला असं ठरवून मोकळे होण्याआधी खिडकीतून एवढंच पाहा, बाहेरच्या युनिटचा पंखा फिरतोय का?

खोलीतली उष्णता गॅस बाहेर आणतो. ती कॉइलमधून काढून हवेत फेकायचं काम या पंख्याचं. तो थांबला की दाब चढतो, कॉम्प्रेसर तापतो आणि ओव्हरलोड त्याला बंद करतो. निवला की परत सुरू, परत बंद. हे दिवसभर चालू दिलं तर कॉम्प्रेसर जळू शकतो, आणि त्याचा खर्च हजारांत जातो. म्हणून कॉम्प्रेसर घुमतोय आणि पंखा उभा आहे असं दिसलं, की आधी एसी बंद करा.

पंखा थांबला म्हणजे बिघडलाच असं मात्र नाही. हवं तितकं गार झालं की साध्या एसीत कॉम्प्रेसर आणि पंखा दोन्ही थांबतात. वीज जाऊन आली की तीनेक मिनिटं थांबावं लागतं. दिल्लीकडच्या मंडळींनी हिवाळ्यात गरम हवा लावली असेल, तर कॉइलवरचं दंव वितळवताना पंखा मुद्दाम थांबतो.

आता हात लावायच्या गोष्टी. रिमोटनं बंद करणं म्हणजे बंद करणं नव्हे. एमसीबी खाली पाडा आणि घरातल्यांना सांगून ठेवा. युनिट तिसऱ्या मजल्यावर भिंतीबाहेर लटकत असेल तर हा विषय तुमच्यापुरता इथेच संपला, मेकॅनिकला बोलवा. फौजेत दोर बांधल्याशिवाय कड्यावर कुणाला जाऊ देत नाहीत. इथे तर लोक लुंगीवर छज्जावर उतरतात!

गच्चीवर किंवा बाल्कनीत असेल तर जाळीतून लाकडी काडीनं पातं हळूच ढकला. सहज फिरलं तर बेअरिंग ठीक. अडकलं, खरखरलं तर आत कबुतराचं घरटं, प्लास्टिकची पिशवी किंवा गंजलेलं बेअरिंग. वीज चालू ठेवून काडी घालणारे बहाद्दर मी पाहिलेत. पातं एकदम वेग घेतं, तसं करू नका.

पातं मोकळं आहे, पण मोटर नुसती गुणगुणते किंवा उशिरा, रेंगाळत सुरू होते? मग संशय कपॅसिटरवर. घरच्या एका फेजच्या विजेला मोटर स्वतःहून फिरवता येत नाही. दुसऱ्या वाइंडिंगमधला प्रवाह थोडा पुढे सरकवून कपॅसिटर तिला फिरण्याची दिशा देतो. तो अशक्त झाला की मोटर जागच्या जागी घुमते.

आमच्या शेजारच्या ताईंना एका मेकॅनिकनं कॉम्प्रेसर गेल्याचं सांगून चौदा हजारांचा आकडा लिहून दिला होता. झाकण उघडून मीटर लावला. पंख्याच्या कपॅसिटरवर २.५ मायक्रोफॅरड छापलेलं, मीटरवर ०.९. दीडशे रुपयांत काम झालं. त्या दिवशी ताई गप्प राहिल्या असत्या तर चांगला कॉम्प्रेसर भंगारात गेला असता.

कपॅसिटर वीज बंद केल्यावरही भरलेला असू शकतो, हे पक्कं लक्षात ठेवा. २० किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर प्लास्टिकच्या मुठीच्या पकडीत धरून त्याच्या दोन्ही टोकांवर काही सेकंद टेकवा, मग मीटरवर शून्य व्होल्ट दिसतात का पाहा. तारांचा मोबाइलवर फोटो काढा, मगच सोडवा. छापलेल्या आकड्यापेक्षा पाच-सहा टक्क्यांहून जास्त फरक असला किंवा डबी फुगली असली तर बदला. मायक्रोफॅरड तेवढेच हवेत, व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त. ‘जरा मोठा बसवून देतो’ म्हणणाऱ्या दुकानदाराचं ऐकू नका, मोटर तापते. एकाच डबीत दोन कपॅसिटर असले तर ‘सी’, ‘फॅन’ आणि ‘हर्म’ अशा खुणा असतात. हर्म म्हणजे कॉम्प्रेसर. सुरू केल्यावर हवा पुढच्या जाळीतून बाहेर यायला हवी. आत ओढली जात असेल तर तारा उलट लागल्या आहेत.

कपॅसिटर ठीक निघाला तर मोटरचं वाइंडिंग ओहमवर तपासा. सर्किट तुटलेलं दिसलं तर मोटर तासभर थंड होऊ द्या, कारण आतला उष्णतारक्षक उघडलेला असू शकतो. थंड झाल्यावरही तेच आलं, किंवा तारेपासून बॉडीपर्यंत सर्किट जुळलं, तर मोटर गेली. ती बदलताना पात्याचा नट बऱ्याच युनिटांत उलट्या आट्याचा असतो. घड्याळाच्या दिशेनं सुटतो. जोर लावून शाफ्ट मोडू नका.

इन्व्हर्टर एसीचा हिशोब वेगळा. बऱ्याच मॉडेलांत पंखा डीसी मोटरवर चालतो, वेगळा कपॅसिटर नसतो, सगळं नियंत्रण कार्डावर. त्या कार्डावर वीज बंद केल्यावरही तीनशेच्या आसपास व्होल्ट काही वेळ राहतात. तिथे फक्त आतल्या डिस्प्लेवरचा एरर कोड टिपून घ्या आणि मेकॅनिकला फोनवर सांगा, म्हणजे तो योग्य भाग घेऊनच येईल.